मला पाटावर बसवलं

"पाय पुढे कर ना," सायली म्हणाली.

मी पाटावर बसले होते. समोर पितळेची परात, परातीत कोमट पाणी, पाण्यात झेंडूच्या पाकळ्या. सायली माझ्यापुढे गुडघे टेकून बसली होती. ही सायली म्हणजे पुण्याच्या वसतिगृहात माझ्याच खोलीत राहणारी मुलगी. माझ्या बाटलीला तोंड लावून पाणी प्यायची. माझ्याच कंगव्यानं केस विंचरायची. आणि आज माझ्या पायांना हात लावायचा म्हणून तिनं हातमोजे घातले होते. पांढरे, पातळ, दवाखान्यात असतात तसे.

जिल्हा परिषदेच्या शाळेचा व्हरांडा. माझ्याच गावची शाळा. व्हरांड्यात ओळीनं पाट मांडलेले आणि त्यांवर आमच्या वस्तीतल्या म्हाताऱ्या बायका. माझ्या शेजारच्या पाटावर जिजी, माझी सख्खी चुलती. समोर खुर्च्यांवर गावचे पुढारी आण्णा आणि त्यांची माणसं. त्यांच्यामागे पुण्याची मुलंमुली मोबाईल वर धरून उभी. माईकवर भाऊंचा आवाज, मऊ, तुपात भिजवल्यासारखा. "समोर बसलेल्या प्रत्येक माऊलीत नारायण बघा."

सकाळपर्यंत मी त्या मोबाईलवाल्यांमध्ये होते. माझ्या गळ्यात त्यांच्यासारखंच पिवळं उपरणं होतं. दुपारी ते काढून घेतलं आणि मला पाटावर बसवलं. ते कसं झालं ते सांगते. शांतपणे सांगणं मला जमणार नाही. जमवायचंही नाही.

आम्ही केज तालुक्यातले. युसूफ वडगावचा बाजार आम्हाला जवळ. वस्ती गावाबाहेर, ओढ्याच्या पलीकडे. आम्ही मातंग. गाव आम्हाला काय म्हणतं ते इथं लिहून मी माझी पाटी विटाळणार नाही. आईबाप ऊसतोड करतात. दसरा झाला की मुकादमाचा ट्रॅक्टर येतो आणि वस्ती उचलून घेऊन जातो. भांडी, सरपण, कोंबड्या, तान्ही पोरं, सगळं ट्रॉलीत. दाराला कुलूप, कुलपापुढं बाभळीची फांदी, कुत्री शिरू नयेत म्हणून. मागं राहतात ज्यांच्यानं कोयता धरवत नाही ते. जिजीचे सांधे धरले तेव्हापासून ती मागं राहते. मीही तिच्याजवळच वाढले, कारण मला शाळा सोडायची नव्हती.

शाळा सोडली नाही. बी.ए. झाले, पुण्याला विद्यापीठात एम.ए.ला गेले. राहायला जागा मिळाली ती एका धार्मिक संस्थेच्या वसतिगृहात. तिला आम्ही नुसतं केंद्र म्हणायचो. सकाळ-संध्याकाळ प्रार्थना, कांदा-लसूण नाही, आणि वर्षातून एकदा सेवायात्रा. विद्यापीठातली मुलं कुठल्यातरी मागास गावात जाऊन मुक्काम करायची, झाडू मारायची, भजनं म्हणायची, शेवटी गावाला महाप्रसाद घालायची आणि 'आयुष्य बदललं' असं सांगत परत यायची. केंद्र चालवायचे भाऊ. मोठ्या पगाराची नोकरी सोडून सेवेत आलेले, असं त्यांच्याबद्दल सांगायचे. मुलींचं बघायच्या वसुधाताई.

खोटं कशाला बोलू, मला तिथं आवडायचं. माझा आवाज चांगला आहे. प्रार्थना मीच सांगायचे, मागून सगळ्या मुली म्हणायच्या. जात कुणी विचारली नाही. न विचारणं म्हणजे माहीत नसणं नव्हे, एवढी अक्कल मला तेव्हा नव्हती.

त्या वर्षी भाऊंनी सेवायात्रेचं गाव जाहीर केलं. माझं गाव. आण्णा केंद्राचे भक्त. पोळ्याला त्यांनी भाऊंना बोलावून गाव दाखवलं होतं. पोळ्याला आमची वस्ती भरलेली असते. भाऊंनी ती बघितली, पोरांची गर्दी बघितली, आणि सेवेला जागा सापडली म्हणून खूश होऊन परत आले.

गावाचं नाव ऐकलं आणि मला आधी रस्ता आठवला. देवळासमोरून जायचा जो रस्ता आहे, त्यानं वस्तीतल्या बायका अजूनही पदर सावरून, कडेकडेनं जातात. त्या रस्त्यानं मी उपरणं घालून मधोमध चालणार होते. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे महाप्रसाद. तो सेवेकरी वाढतात. म्हणजे मी वाढणार. आमच्या हातचं पाणी ज्यांच्या घशाखाली उतरत नाही, ते गाव माझ्या हातचं खाणार. यासाठी मी देवाला किती दिवे लावले असतील, तो देव जाणे. मला दुसरं काही नको होतं. माझ्या हातानं आण्णांच्या पत्रावळीवर एक पळी भाजी पडावी, एवढंच हवं होतं.

तयारीच्या बैठकीत मी हात वर केला. म्हटलं, "भाऊ, संक्रांतीच्या सुमाराला आमच्याकडं माणसं नसतात. सगळी तोडीला जातात. चैत्रात गेलो तर वस्ती घरी असेल."

भाऊ हसले. "बेटा, सेवा माणसं बघून करायची नसते."

वसुधाताई म्हणाल्या, "आणि मुलांना सुट्टी तेव्हाच असते."

झालं. ज्यांची सेवा करायची त्यांच्या सोयीपेक्षा करणाऱ्यांची सुट्टी मोठी. बैठकीत सगळे माझ्याकडे बघून गोड हसले. मी पण हसले. त्या हसण्याचा मला आजही राग येतो.

बस गावात आली ती थेट आण्णांच्या बंगल्यासमोर. तिथून सगळे भजन म्हणत वस्तीवर निघालो. मी पुढं, टाळ घेऊन. आणि वस्तीत पोचलो तर काय, कुलपं. ओळीनं कुलपं. बाभळीच्या फांद्या. एका ओट्यावर जिजी आणि दोनतीन म्हाताऱ्या उन्हाला बसलेल्या, भोवती शेळ्या. मुलं इकडं तिकडं बघायला लागली. एक मुलगा म्हणाला, "इथे कोणीच नाहीये का?" जणू आम्ही नाटकाला आलो होतो आणि नटच आले नव्हते.

जिजीनं मला ओळखलं. "आगं, तू कावून आलीस आत्ता? परीक्षा हाय म्हणलीस ना?" मी सांगितलं, सेवेला आलोय. जिजी बघत राहिली. म्हणाली, "कुनाच्या?"

मी भाऊंकडे बघितलं. त्यांच्याकडे उत्तर होतं. माणसं नाहीत तर भिंती आहेत, असं त्यांनी ठरवलं. रंगाचे डबे आले, ब्रश आले. कुलूप लावलेल्या घरांच्या भिंतींवर मुलांनी सुविचार रंगवायला घेतले. कुणाला विचारायचं? घरमालक कर्नाटकात ऊस तोडत होता. आमच्या घराच्या भिंतीवर एका मुलीनं मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'दारू सोडा, घर जोडा'. शेजारी एक बाटली काढली, बाटलीवर लाल फुली. माझा बाप आयुष्यात कधी दारूच्या वासाला गेला नाही. तंबाखूसुद्धा खात नाही. मी तिला म्हटलं, हे माझं घर आहे. ती म्हणाली, "वॉव! मग तर अजून छान!" आणि फोटो काढून घेतला. माझा, भिंतीचा, बाटलीचा.

संध्याकाळचं जेवण आण्णांच्या बंगल्यावर. लांब व्हरांड्यात सतरंज्या, समोर स्टीलची ताटं. मी सायलीशेजारी बसले. आण्णांच्या बायको, काकू, वाढायला आल्या. माझ्याजवळ थांबल्या.

"तू कोनाची गं? बघितल्यावानी वाटायलंय."

मी बापाचं नाव सांगितलं. मला वाटलं होतं, मान ताठ ठेवून सांगेन. आवाज बारीक झाला.

"आगं बया. तू वस्तीवरली व्हय," काकू म्हणाल्या. हसूनच म्हणाल्या. मग खाली वाकून त्यांनी माझ्यापुढचं ताट उचललं. "थांब, हे जरा वलं हाय."

सगळ्यांचीच ताटं ओली होती. नुकतीच धुतलेली. काकू आत गेल्या आणि कागदाची ताटली घेऊन आल्या. त्यात आमटी घातली तर ताटली वाकली. आमटी माझ्या मांडीवर सांडली. सायलीनं बघितलं आणि मोबाईल काढला. वसुधाताईंनी बघितलं आणि पापड मागितला. भाऊ माझ्या अगदी समोर बसले होते. त्यांनी ताट उचलताना बघितलं, ताटली ठेवताना बघितलं, आणि मग डोळे मिटून भोजनमंत्र सुरू केला. मलाही म्हणावा लागला. रोज मीच तर सांगायचे. माझाच आवाज सगळ्यांत वर होता, सवयीनं.

जेवले मी. सगळं जेवले. भूक लागली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी वसुधाताईंनी मला शाळेच्या मागं नेलं. महाप्रसादाच्या कढया तिथं चढल्या होत्या. म्हणाल्या, "आज तू वाढायला थांबू नकोस हं. इथल्या लोकांच्या काही भावना असतात. आपण सेवेला आलोय, वाद घालायला नाही. तू भांड्यांचं बघ."

मी विचारलं, "कुणी सांगितलं असं?"

"कुणी कशाला सांगायला हवं? आपल्याला कळायला नको का?"

म्हणजे आण्णांनी तोंड उघडण्याआधीच यांनी ऐकलं होतं. आण्णा निदान त्यांच्या बापजाद्यांचं पाप चालवतात. यांनी ते मागून घेतलं, फुकट, न बोलता, वर हात जोडून. मला त्या दोघांत आण्णांचा राग कमी येतो. कमी म्हणजे थोडासाच कमी.

मी भांडी घासायला बसले. खरकटी पातेली चालली, वाढायची पळी चालली नाही. अंगात आग होती आणि हातात राख. तरी मी घासत राहिले. का? पुण्यातली ती खोली, खिडकीजवळची लोखंडी खाट, टेबलावरची माझी पुस्तकं. शेवटचं वर्ष होतं. केंद्रानं बाहेर काढलं तर पुण्यात मला आसरा नव्हता आणि गावात माझ्या घराला कुलूप होतं. एवढ्यासाठी मी गप्प होते. हा हिशोब त्यांनाही ठाऊक होता.

दुपारी पाद्यपूजा. त्यांच्या सेवायात्रेचा हा मोठा कार्यक्रम. मुलंमुली गरीब बायकांचे पाय धुतात, पुसतात, हळदकुंकू वाहतात, वर घोंगडीसारखी जाड चादर देतात. पाट आदल्या दिवशीच मांडून झाले होते, पोळ्याला बघितलेली गर्दी डोळ्यांपुढं ठेवून. आल्या मोजक्या म्हाताऱ्या. निम्म्याहून जास्त पाट मोकळे. आण्णा खुर्चीत येऊन बसलेले, कॅमेरेवाला आलेला. भाऊ पाटांकडे बघत उभे होते. मग त्यांची नजर फिरत फिरत माझ्यावर आली. मी ओढणीला हात पुसत मागच्या बाजूनं येत होते.

"तू वस्तीवरचीच ना?"

मी म्हटलं, "हो."

"मग बस की. पाट रिकामा राहणं चांगलं नाही."

मला वाटलं, मस्करी करतात. भाऊ मस्करी करत नसत. वसुधाताईंनी माझ्या गळ्यातलं उपरणं काढून घेतलं. घडी घातली नीट. "फोटोत ते बरं नाही दिसणार." मग माझी ओढणी माझ्या डोक्यावरून घेतली, लहान मुलीला नटवावं तशी, आणि मला खांद्याला धरून पाटावर बसवलं. दोन मुलांना अजून कुठून कुठून बायका धरून आणायला पाठवलं. हातमोज्यांचा खोका फिरला. भाऊ म्हणाले, "प्रत्येकानं घाला. संसर्गाचं बघावं लागतं." सायलीनं घातले. घालताना क्षणभर थांबली, माझ्याकडे बघितलं नाही, आणि घातले.

आणि मग ती म्हणाली, पाय पुढे कर ना.

मी केले. पाणी पडलं. कोमट, छान पाणी. रबराची बोटं माझ्या घोट्यावरून फिरली. मला तो स्पर्श अजून आठवतो. ते पाय दीड वर्षं तिच्या खाटेवर चढून बसले होते. थंडीत तिच्याच पांघरुणात शिरले होते. तेव्हा संसर्ग नव्हता. माझे पाय तेच होते. पाट बदलला होता.

मी म्हटलं, "हातमोजे काढ."

सायली म्हणाली, "अगं, नियम आहे ना." आणि भाऊंकडे बघितलं.

भाऊ माईकवरच म्हणाले, "बेटा, नियम सगळ्यांना सारखा."

सगळ्यांना सारखा. या दोन शब्दांनी माझं काय झालं ते मला नीट सांगता येत नाही. मी परातीतून पाय काढले आणि उभी राहिले. ओल्या पायांनी व्हरांड्याच्या कडेला गेले, माईकच्या समोर. पुण्यात मी पुण्यासारखं बोलायचे. त्या वेळी तोंडातून माझी भाषा आली.

"भाऊ, माझ्यात नारायण हाय ना?"

"हो बेटा, आहेच."

"मंग काल आण्णाच्या घरी त्या नारायणाला कागदाच्या ताटलीत कावून वाढलं? तुमी समोर बसलते. बघितलं तुमी. डोळे मिटले."

माईक चालू होता. देवळापर्यंत आवाज गेला असणार. मी आण्णांकडे वळले.

"आन् नारायण जर सगळ्यात हाय, तर आण्णाला बसवा की पाटावर. त्यांचे पाय धुवा. हातमोजे घालून."

आण्णा उठले. चपला घातल्या आणि चालू लागले. त्यांची माणसं मागोमाग. खुर्च्या मोकळ्या झाल्या. आण्णांच्या कपाळाची शीर तटतटलेली मी बघितली. मला आनंद झाला. लई झाला. आजही तो आठवला की जेवण गोड लागतं.

भाऊ माझ्याजवळ आले. माईक बंद करून म्हणाले, "तुझ्या अहंकारामुळे या गरिबांचं नुकसान होईल." शब्द मऊच होते. डोळे मऊ नव्हते. मी पहिल्यांदाच ते डोळे उघडे बघत होते.

मी जिजीचा हात धरला. "ऊठ जिजी. चल घरी."

जिजी उठली नाही.

"बस गं," ती खालच्या आवाजात म्हणाली. "चादरी वाटायलेत."

मी एकटीच तिथून निघाले. ओल्या पायांना फुफाटा चिकटला. मागं भाऊंनी भजन सुरू केलं. मी नव्हते, त्यामुळं ते बेसूर झालं.

दिवस मावळायच्या आत जिजी घरी आली. खांद्यावर चादर. चुलीपुढं बसली, चादर अंगाभोवती गुंडाळली, आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुला राग परवडतो. मला थंडी वाजती." तिच्यावर चिडायला गेले आणि चीड तिच्यावर थांबेना. ती चीड थेट त्या शाळेकडं गेली. ज्या बाईला एका चादरीसाठी सगळ्या गावापुढं पाय पसरून बसावं लागतं, तिला जाब विचारणारी मी कोण? जाब विचारायचा तो चादर वाटणाऱ्यांना. घरी आणून का नाही दिली? दाराशी ठेवली असती तर जिजीनं घेतली नसती का? पण मग फोटो कुठला मिळणार.

आईचा फोन आला उसाच्या फडावरून. मुकादमानं बातमी पोचवली होती. अशा बातम्यांना ट्रॅक्टर लागत नाही. आधी बाप बोलला, "कावून लागलीस त्यांच्या तोंडी? आमाला त्याच गावात राहायचंय." मग आईनं फोन घेतला. मला वाटलं, आई तरी म्हणेल बरं केलंस.

आई म्हणाली, "कोमट पानी हुतं म्हनं."

"व्हय."

"माजे धुतले असते तर मी न्हाई काढले असते बाई. लई भेगा पडल्यात. रगत येतंय."

त्या वाक्यानं मला जेवढं रडवलं तेवढं आण्णांच्या ताटलीनं रडवलं नव्हतं. माझी आई त्या वेळी थंडीत, पहाटेच्या दवात, पाचटावर अनवाणी उभी असायची. जिच्या पायांना खरंच कुणीतरी हात लावायची गरज होती, ती तिथं होती, आणि ही पांढरपेशी फौज तिच्या कुलपापुढं बाटलीचं चित्र काढत होती. फडावर कुणी जात नाही पाय धुवायला. तिथं आण्णांचा बंगला नसतो जेवायला.

पुण्याला परत गेले तेव्हा माझी ट्रंक वसतिगृहाच्या फाटकाशी ठेवलेली होती. कारण शिस्तभंग. वसुधाताई बाहेर आल्या नाहीत. सायलीनं खिडकीतून बघितलं. नंतर तिचा मेसेज आला, 'सॉरी यार, मला खरंच कळलं नाही काय करावं.' मी उत्तर दिलं नाही. कळलं नाही म्हणायला तिला दीड वर्षं पुरली नव्हती का? मोठी माणसं उंटावरून शेळ्या हाकतात, ठीक आहे. ही तर माझ्याच खाटेवर बसून हाकत होती.

भांडी घासायचा अनुभव होताच. एका खाणावळीत लागले, तिथंच माळ्यावर झोपले, परीक्षा दिली, पास झाले. गावात जिजीला आण्णांच्या बांधावर शेळ्या चारायची बंदी झाली. खुरपणीला वस्तीतल्या बायकांना बोलावणं थांबलं. मीच पेटवलं, असं काही जण म्हणाले. मी परत आले ते हे सगळं डोक्यात ठेवून. कुणी विचारायचं, एवढी शिकून इथं काय करतीस? मी म्हणायचे, वाट बघते.

वाट फार बघावी लागली नाही. सरपंचपद आमच्यासाठी राखीव निघालं, तेही बाईसाठी. आण्णांनी वस्तीतलीच एक गरीब गाय शोधली, सही आली तरी बास अशी. मी तिच्या विरोधात उभी राहिले. मतदान आलं ऐन तोडीच्या दिवसांत. आता आमच्याकडची एक रीत आहे. तोडीच्या दिवसांत निवडणूक लागली की पुढारी फडावर गाड्या पाठवतात आणि माणसं भरून मतदानाला आणतात. माझ्याकडं गाडी नव्हती. आण्णांकडं होत्या. त्यांनी कर्नाटकातून, सांगली-कोल्हापुराकडून माझी सगळी वस्ती गाड्या भरभरून आणली. वाटेत जेवण दिलं, चहा दिला. आणि वस्तीनं आण्णांच्या गाडीतून उतरून मला मतं दिली.

माझा बाप त्या गाडीतून उतरला तेव्हा मी शाळेच्या फाटकाशी उभी होते. तो जवळून गेला, थांबला नाही, एवढंच म्हणाला, "जेवन चांगलं हुतं आण्णाचं." त्या दिवशी मी बापाला पहिल्यांदा मनापासून हसताना बघितलं.

मी सरपंच झाले आणि थोड्याच दिवसांत भाऊंचा फोन आला. देखल्या देवा दंडवत. "बेटा, तू आमचीच. तुझं यश म्हणजे केंद्राचं यश." मग मुद्द्यावर आले. पुन्हा आमच्या गावात सेवायात्रा करायची होती. शाळा हवी, पटांगण हवं, ग्रामपंचायतीची परवानगी हवी. संक्रांतीच्या सुमाराला.

मी म्हटलं, "तेव्हा माणसं नसतात."

"मुलांना सुट्टी तेव्हाच असते बेटा." वसुधाताईंचंच वाक्य, एक अक्षर बदललं नव्हतं. मग थांबून म्हणाले, "मागचं काही मनात ठेवलं नाहीस ना?"

"ठेवलंय," मी म्हटलं. "सगळं ठेवलंय. संक्रांतीला परवानगी न्हाई. चैत्रात या."

मला वाटलं होतं, ते नाही म्हणतील. पण आण्णांनी गळ घातली असावी, किंवा केंद्राला या जिल्ह्यातलं नाव गमवायचं नसेल. चैत्रातल्या एका रविवारी येतो म्हणाले. भाऊ, वसुधाताई, नवी मुलंमुली. सायलीही येते आहे म्हणे, आता ती केंद्राचं मोठं काम बघते.

येऊ देत. साखर कारखान्याचा पट्टा पडून गाळप थांबलेलं असेल, तोड संपलेली असेल, वस्ती घरी असेल. त्यांना पाट मांडू देणार नाही. झाडू देणार नाही, ब्रश देणार नाही. त्या दिवशी शाळेच्या पटांगणावर गावजेवण आहे. स्वयंपाक वस्तीतल्या बायका करणार. माझी आई करणार, जिजी बसून पोळ्या लाटणार. गावाला आवतण गेलं आहे, घरटी. आण्णांच्या घरी मी स्वतः जाऊन आले. काकूंच्या हातात अक्षता दिल्या. त्यांनी घेतल्या, कारण दारात चार माणसं उभी होती.

पहिली पंगत पाहुण्यांची आणि गावातल्या मोठ्यांची. आण्णा, भाऊ, वसुधाताई, सायली, सगळे एका रांगेत. वाढणार मी. पळी माझ्या हातात असेल, माईक माझ्याजवळ असेल, आणि सगळी वस्ती रांगेच्या दोन्ही बाजूंना उभी असेल. एकेकाच्या पानात वाढून झालं की मी पुढं सरकणार नाही. तो पहिला घास घेईपर्यंत त्याच्यासमोर थांबणार. उपास आहे, पोट बरं नाही, गाडीची वेळ झाली, ही सगळी कारणं मला पाठ आहेत. जो पानावरून उठेल त्याचं नाव मी माईकवर घेणार, बापाच्या नावासकट, आणि तो कुठल्या कारणानं उठला तेही सांगणार. उठताना कुणाच्या तोंडून जातीचा शब्द गेला तर केजचं पोलीस ठाणं लांब नाही.

काही जण म्हणतात, बाई, पुरे कर, आता तू मोठी झालीस, मन मोठं कर. मन मोठं करायचं काम पिढ्यान् पिढ्या आमच्याकडंच दिलेलं आहे. मी ते घेत नाही. मला त्यांची माफी नको, त्यांची पूजा नको. मला त्यांना माझ्या हातचं गिळताना बघायचं आहे. आवडो न आवडो. ते माझ्यासमोर जेवतील, नाहीतर अख्ख्या गावासमोर उठून जातील. तिसरी वाट मी ठेवलेली नाही.